घरातील भिंतींस लेप कोणता द्यावा?

गवंडीकाम हा आमचा धंदा नव्हे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी; परंतु ओल ही आमची जुनी वैरीण असल्यामुळे भिंतीचा अभ्यास आम्हांस करावाच लागतो. बेळगावसारख्या पावसाळी गावी जुन्या पेठांतील पुष्कळ घरांच्या भिंती दगडामातीच्या वा चुन्यात बांधलेल्या विटांच्या आहेत. त्यांवर अलीकडे सरसकट सिमेंटचा गिलावा व वर तकतकीत रंग चढविला जातो. जमिनीतून वर येणारी ओल पूर्वी चुन्यामातीच्या अंगातून हवेत निघून जात असे. ती आता आतच कोंडते. मग लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि मूळ भिंत आतून कमकुवत होते. म्हणून माती व चुना यांचे लेप केवळ शोभेकरिता नव्हे, तर घराच्या आयुष्याकरिता समजून घेणे अगत्याचे आहे.

मातीचा लेप : माती चुन्याप्रमाणे पक्की होत नाही, ती केवळ वाळते व पाणी लागताच पुन्हा मऊ होते. हा तिचा दोष तसाच गुणही आहे, कारण चीर पडल्यास ओल्या फडक्याने ती बुजविता येते. दमट हवेतील ओलावा ती शोषून घेते व हवा कोरडी होताच परत देते. बैठकीची व निजावयाची खोली यांस ती उत्तम. न्हाणीघर व मोरी यांस वर्ज्य. काळी माती घेऊ नये. ती भिजता फुगते व सुकता भेगाळते. तांबडी वा पांढरी माती, वाळू आणि भाताचे तूस यांचे मिश्रण करावे. अजिंठ्याच्या चित्रांखालीही माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचाच थर असून त्यावर चुन्याचा पातळ हात आहे.

चुन्याचा लेप : चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली म्हणजे कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीस लावला म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा बनतो. हे कार्य सावकाश चालते. म्हणून थर पातळ द्यावेत, भिंत आधी भिजवावी व घाई करू नये. चुना विरताना उकळतो, डोळे जपावेत. राजस्थानात बारीक चुना व संगमरवराची पूड यांचा लेप दगडाने घोटून आरशासारखा करतात. त्यास अराईश म्हणतात. चुन्यात गेरू व पिवळी माती हे खनिज रंग टिकतात. पुष्कळ वनस्पतिजन्य रंग उडून जातात. सफेदी चिकटावी म्हणून काही ठिकाणी सरस घालतात. तो प्राणिज असल्याने आपल्या घरांत डिंक वा तांदळाची पेज वापरण्याविषयी कारागिरास आधीच सांगावे.

प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर घट्ट होते व नक्षीस सोयीचे असते. परंतु ओलीच्या जागी ते टिकत नाही.

निवडीची रीत : प्रथम ओलीचे मूळ शोधावे. भिंतीस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाणी दिसल्यास ओल भिंतीत आहे, खोलीकडील बाजूस दिसल्यास ती हवेतील आहे असे समजावे. गळके छप्पर वा तुंबलेले गटार दुरुस्त केल्याविना कोणताही लेप व्यर्थ होय. तेलरंग असल्यास तो पूर्ण खरवडावा. नंतर माती बरणीत पाण्याशी घुसळून निवू द्यावी. वाळू खाली व चिकणमाती वर बसते, त्यावरून वाळू किती मिळवावी याचा अंदाज येतो. शेवटी निरनिराळ्या प्रमाणांचे हातभर नमुने भिंतीवर लावून आठवडाभर वाळू द्यावेत. जो भेगाळत नाही व हात फिरविता झडत नाही, तो पसंत करावा.

वानगी पाहिल्याविना आपण पोते घेत नाही; भिंतीच्या बाबतीतही तोच नेम असावा. चौरस फुटाचा दर विचारताना लेप किती वर्षे टिकेल व गावच्या गवंड्यास तो दुरुस्त करता येईल काय, हेही विचारावे. स्वस्त माल पुढे महाग पडतो, हे व्यापारी बंधूंस आम्ही निराळे सांगावयास नको.