नोंदवहीतून माणसाकडे : केळापूर तालुक्याच्या दप्तराचा एक अभ्यास

गावात माणूस सर्वांच्या ओळखीचा असतो. कार्यालयात मात्र तो सिद्ध करावा लागतो. मृत खातेदाराचे वारस ठरविणे असो, जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबांची नोंद काढणे असो, वनहक्काचा दावा असो किंवा विधवेचे अर्थसहाय्य असो, या सर्व कामांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : हा माणूस कोण, तो कोणाचा कोण, आणि याला कागदाचा आधार काय? उत्तर बहुधा तालुक्याच्या दप्तरात असते. परंतु ते कोठे व कसे शोधावे याची माहिती नसल्यामुळे अर्जदार महिनोन् महिने हेलपाटे घालतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांना ही वाट दाखविता यावी, या हेतूने यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे उदाहरण घेऊन हा विषय येथे मांडला आहे.

दप्तराची रचना

पहिली गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही की, सरकारी दप्तर माणसाच्या नावाने लावलेले नसते. ते गाव, वर्ष व घटना यांच्या क्रमाने लावलेले असते. सबब केवळ 'अमुक नावाचा माणूस शोधावयाचा आहे' असे सांगितल्यास अभिलेखपालास काहीही करता येत नाही. 'अमुक महसुली गाव, १९४० ते १९४५ ही वर्षे, जन्माची नोंद' असे सांगितल्यास तो नेमका गठ्ठा काढू शकतो. माणसाचा शोध हा प्रथम गावाचा शोध होय.

पांढरकवड्यास हे विशेषच लागू आहे. शहराचे नाव पांढरकवडा; परंतु त्याचा तालुका केळापूर. तहसील कार्यालय पांढरकवड्यात असले तरी कागदावर 'तहसील केळापूर' असेच लिहिलेले आढळते. ज्या गावावरून तालुक्यास नाव मिळाले ते केळापूर शहरालगतच आहे. बाहेरगावचा अर्जदार जुन्या कागदांत 'पांढरकवडा तालुका' शोधू लागला, तर त्याचा शोध तेथेच अडतो.

जिल्ह्याचेही तसेच. १८६४ मध्ये हा प्रदेश प्रथम 'आग्नेय वऱ्हाड' व पुढे 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला गेला. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले. त्या वेळी जिल्ह्यात यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद असे पाच तालुके होते. आज ते सोळा आहेत. यावरून शिकावयाचे ते हे की, आज नव्या तालुक्यात असलेल्या गावाचे जुने कागद मूळ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असू शकतात. गावाचा तालुका केव्हा बदलला हे विचारून घेतल्याशिवाय 'नोंद आढळत नाही' हा शेरा अंतिम मानू नये.

कोणती नोंद कोठे?

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी विदर्भात 'कोतवाल बुक' या नावाने परिचित आहेत. गावातील जन्म-मृत्यूची खबर कोतवालामार्फत पुढे जात असे, त्यावरून हे नाव रूढ झाले. तिची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे मागावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ आल्यानंतरच्या नोंदी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे व शहरात नगर परिषदेकडे असतात. येथे एक बाब नेहमी विसरली जाते : जन्म किंवा मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते, कुटुंब जेथे राहते तेथे नव्हे. केळापूर तालुक्यातील बाळ यवतमाळच्या रुग्णालयात जन्मले असेल, तर त्याची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही.

जमिनीच्या कागदांत सातबारा सर्वांना माहीत असतो; परंतु माणूस शोधण्यास त्याहून उपयुक्त असतात गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, आणि सहा-क म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही. सातबारा आजचा खातेदार सांगतो. फेरफार तो खातेदार कसा झाला हे सांगतो. मागे जात राहिल्यास विदर्भात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत पोहोचता येते. शहरी मिळकतीसाठी नगर परिषदेची कर आकारणी नोंदवही व भूमी अभिलेख कार्यालयाची आखीव पत्रिका, तर खरेदीखत किंवा बक्षीसपत्रासाठी दुय्यम निबंधकांकडील सूची पाहावी.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा तिसरा महत्त्वाचा आधार होय. मतदार यादी वय, घर क्रमांक आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव सांगते. ती मालकीचा पुरावा नव्हे; परंतु त्या काळी एका घरात कोण कोण राहत होते, हे तिच्यावरून कळते.

एक नमुना शोध

समजा, एका कोलाम पोडावरील विद्यार्थ्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे आहे. अनुसूचित जमातीच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० हा मानीव दिनांक आहे. तत्पूर्वीचा पुरावा सर्वाधिक मोलाचा. म्हणजे आजोबा किंवा पणजोबांची नोंद हवी. प्रवेशाची मुदत जवळ आलेली असते. शोध कोठून सुरू करावा?

प्रथम विद्यार्थ्यापासून मागे जावे. त्याच्या व वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरून आजोबांचे नाव व गाव निश्चित करावे. नंतर पोड कोणत्या महसुली गावात मोडते हे पाहावे. पोड ही वस्ती होय. तिच्या नावाने स्वतंत्र दप्तर बहुधा नसते, आणि पोडाच्या नावाने मागणी केल्यास कोरे उत्तर येते. मग त्या महसुली गावाच्या १९५० पूर्वीच्या कोतवाल बुकाची नक्कल मागावी.

तेथे आणखी एक अडचण उभी राहते. जुन्या जन्म नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहून पुढे बापाचे नाव, जात व दिनांक असतो. उलट शाळेच्या रजिस्टरात नाव असते. पण जन्मतारीख अंदाजाने घातलेली असते. जुन्या रजिस्टरांत १ जून किंवा १ जुलै या तारखा वारंवार आढळतात त्या यामुळेच. म्हणून एका कागदातून नाव, दुसऱ्यातून दिनांक घ्यावा, आणि बापाचे नाव व गाव या दोन खुणांनी ते जोडावेत. दोन तारखांत अंतर दिसले म्हणून लगेच कोणाला खोटे ठरवू नये. मात्र बापाचे नाव व गाव दोन्ही जुळत नसतील, तर ओढूनताणून नातेही लावू नये.

या तालुक्यास आणखी एक इतिहास आहे. १९७६ च्या सुधारणा अधिनियमापूर्वी विदर्भातील पुष्कळशा जमातींना अनुसूचित दर्जा ठराविक क्षेत्रापुरताच होता. यवतमाळ जिल्ह्यात ते क्षेत्र केळापूर, वणी व यवतमाळ या तहसिलींचे होते. त्यामुळे त्या काळातील कागद तपासताना कुटुंब कोणत्या तहसिलीत राहत होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

नावांतील फरक

एकच आडनाव एका कागदात 'आत्राम', दुसऱ्यात 'अत्राम'. कोठे 'उईके' तर कोठे 'उइके'. जुन्या नोंदीत आडनावच नसते, केवळ नाव, बापाचे नाव व जात असते. काही कागद मोडी लिपीत असतात आणि ते वाचण्यास जाणकाराची मदत घ्यावी लागते. इंग्रजी कागदांत यवतमाळ 'येओतमाल' व वणी 'वून' असे लिहिलेले आढळते. म्हणून अर्जात नावाची सर्व संभाव्य रूपे लिहून द्यावीत. तालुका पैनगंगेच्या काठचा असल्याने पलीकडच्या आदिलाबादशीही अनेक कुटुंबांचे नातेसंबंध आहेत. तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता व आज तेलंगणात आहे. तेथील जुन्या महसुली कागदांत उर्दू भेटते.

दप्तरात हरवलेल्या स्त्रिया

या विषयातील सर्वांत मोठा अन्याय स्त्रियांच्या बाबतीत घडतो. लग्नानंतर नाव बदलते, गाव बदलते, आणि माहेरची मुलगी व सासरची सून या दप्तरात दोन निराळ्या स्त्रिया ठरतात. त्यांना जोडणारा कागद बहुधा सासरच्या गावी मिळत नाही. तो मिळतो माहेरी : वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात. तेथे मुलींची नावे घेतली गेली असतील तर दुवा सापडतो. 'लग्न झाले आहे' म्हणून वगळली असतील तर दुवाही जातो आणि हक्कही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला आहे. वारसांची चौकशी करताना 'मुली किती?' हा प्रश्न विचारणे हे कर्तव्यच होय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे राज्याने बंधनकारक केले आहे. पुढच्या पिढीचा शोध त्यामुळे सुकर होईल.

हक्क आणि मर्यादा

१९६९ च्या अधिनियमाच्या कलम १७ अन्वये जन्म-मृत्यू नोंदींचा शोध घेण्याची व उतारा मिळविण्याची तरतूद आहे. परंतु मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. जनगणनेत तर प्रत्येकाची माहिती घेतली जाते. मग ती का मिळू नये, असे पुष्कळजण विचारतात. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय असते, हे त्याचे उत्तर. अभिलेख खुला असणे आणि माणसाचे खाजगी जीवन उघडे पाडणे यांत फरक आहे. शोध हक्कासाठी असावा, कोणाच्या पाठीमागे लागण्यासाठी नव्हे. अर्जदाराने प्रयोजन स्पष्ट लिहावे आणि कर्मचाऱ्याने ते वाचावे.

कार्यालय उत्तर देत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली ३० दिवसांत उत्तर मागता येते. नोंदच झालेली नसेल तरी मार्ग बंद होत नाही. घटनेला एक वर्ष उलटून गेले असल्यास, २०२३ च्या सुधारणेनंतर, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने विलंबित नोंद होऊ शकते. वनहक्काच्या दाव्यात तर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. कागद मिळाला नाही म्हणजे माणूस नव्हता, असा निष्कर्ष कोणीही काढू नये.

आपण काय करावे?

मुख्याध्यापकांनी जुनी दाखल-खारीज रजिस्टरे वाळवीपासून व ओलीपासून जपावीत. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील प्रत्येक पोड, टोला व वस्ती कोणत्या महसुली गावात मोडते आणि त्या गावाचा पूर्वीचा तालुका कोणता, याचा एक तक्ता करून कार्यालयात लावावा. बाळाच्या नोंदीत नाव घालावयाचे राहून गेले असल्यास पालकांना बोलावून ते वेळीच घालून घ्यावे. वारस नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी, म्हणजे सुटलेले नाव कोणाच्या तरी ध्यानी येईल. यांपैकी कशासही मोठा निधी लागत नाही.

आज लिहिलेली नोंद पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी नातवाचा एकमेव आधार ठरणार आहे. ती लिहिताना अक्षर स्वच्छ असावे, नाव पूर्ण असावे आणि एकही माणूस वगळला जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकास घेता येण्याजोगी आहे.