स्टुटगार्टचा पगार आणि तिथल्या रीतीचा खर्च

ऑफर लेटरवर वर्षाला ५०,००० युरो दिसले की घरात लगेच शंभराने गुणाकार होतो आणि 'पन्नास लाखांची नोकरी' मावशी-काकांपर्यंत पोचते. हिशेब मांडायचा तर तो हाती येणाऱ्या रकमेवर मांडा. एकट्या माणसाला या पगारातून कर, आरोग्यविमा, पेन्शन आणि बेकारी विमा वजा जाऊन महिन्याला साधारण २,६५० ते २,७०० युरो मिळतात. त्यात बरं राहता येतं, थोडं घरीही पाठवता येतं. पण तिथे डाळ-तांदळापेक्षा महाग पडते ती तिथली रीत माहीत नसणं.

मर्सिडीज आणि बॉश या दोन कंपन्यांमुळे पुण्याची आणि स्टुटगार्टची ये-जा जुनी आहे. मुंबई तर १९६८ पासून त्या शहराची भगिनी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, स्टुटगार्ट ज्या जर्मन राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मंडळीही तिकडच्या नोकऱ्यांची चौकशी करू लागली आहेत. म्हणून हा हिशेब स्टुटगार्ट धरून केला आहे. सरकारी दर २०२६ च्या सुरुवातीचे आहेत, बाकीचे आकडे अंदाजाचे.

घर

जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. 'कोल्ड' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. 'वॉर्म' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची वीज हे सगळं धरलेलं. तुमच्या घरातली वीज आणि इंटरनेट बहुधा त्याही बाहेर. एका खोलीच्या घराला वॉर्म ७५० ते ९५० युरो सहज लागतात. डिपॉझिट कोल्ड भाड्याच्या तीनपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. घरमालकाने नेमलेल्या दलालाला तुम्ही एक छदामही देणं लागत नाही. २०१५ पासून तसा कायदाच आहे. घर न पाहता, करार न होता कोणी पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक समजा.

दुसरा धक्का स्वयंपाकघराचा. पुष्कळ घरांत ते नसतंच. भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले, ओटा नाही, शेगडी नाही, सिंकही नाही. आधीचा भाडेकरू आपलं किचन काढून नेतो किंवा तुम्हाला विकतो. नवं बसवायला दोन हजार युरो सहज जातात, म्हणून त्याचं जुनं घासाघीस करून घ्या.

शिवाय वर्षातून एकदा हीटिंग-पाण्याचा हिशेब येतो. हिवाळाभर हीटर पाचवर ठेवला असेल तर काहीशे युरो वर द्यावे लागतात. मात्र ज्या वर्षाचा हिशेब आहे ते संपल्यापासून बारा महिन्यांत मालकाने तो पाठवला नाही, तर फरकाची रक्कम त्याला सहसा मागता येत नाही. तारीख बघूनच पैसे भरा.

आणि बुरशी. आपण थंडीत खिडक्या घट्ट लावून घेतो, आत कपडे वाळत घालतो, कुकर लावतो. सगळी वाफ भिंतीत मुरते आणि कोपरे काळे पडतात. घर सोडताना मालक रंगकाम डिपॉझिटमधून कापून घ्यायला बघतो. जर्मन माणूस कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतो. विचित्र वाटेल, पण करा.

गेल्या गेल्या

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्याला घरमालकाचं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घ्या. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. हिंदू, बौद्ध, जैन यांनी तो रिकामा ठेवला तरी चालतं. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांनी मात्र जाणून सही करावी: तिथे चर्चचा कर पगारातूनच कापला जातो, या राज्यात आयकराच्या ८ टक्के. वरच्या पगारावर महिन्याला चाळीस-पन्नास युरो होतात. द्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, पण पगाराची स्लिप बघून दचकायला नको.

पत्ता नोंदला की काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं: महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देणारे पुढे दंडासह भरतात. वर्गणी घरटी एक असते, माणशी नाही. तिघे एकत्र राहत असाल तर एकानेच भरून वाटून घ्या.

महिन्याचा ६३ युरोंचा पास देशभरच्या बस, ट्राम आणि लोकल गाड्यांना चालतो, वेगवान गाड्यांना नाही. तो आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवा. विनातिकीट सापडलात तर ६० युरो. 'नवीन आहे, माहीत नव्हतं' हे तिकीट तपासनीस रोज ऐकतो.

शेजार आणि विमा

रात्री दहानंतर आणि रविवारी अख्खा दिवस शांतता. म्हणजे रविवारी भिंतीला ड्रिल नाही आणि रात्री अकराला इडलीचं वाटण नाही. दुकानंही रविवारी बंद, त्यामुळे दूध शनिवारीच आणा. स्टुटगार्टच्या बाजूला केअरवोखे म्हणून पाळी असते: तुमच्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा आणि करारात असेल तर दारासमोरचा बर्फही काढायचा. पाळी चुकवली की शेजारच्या आजी प्रेमाने बोलत नाहीत. बर्फावर कोणी घसरून पडलं तर नुकसानभरपाईही अंगावर येऊ शकते.

यासाठीच, तिथे सक्तीचा नसलेला एक विमा मी सगळ्यांना घ्यायला सांगेन: दुसऱ्याच्या नुकसानीचा, वर्षाला ५० ते ८० युरोंचा. त्यात भाड्याच्या घराची किल्ली हरवणंही धरलंय ना, ते बघा. पुष्कळ इमारतींत बाहेरच्या दाराची आणि घराची किल्ली एकच असते. ती हरवली की सगळ्या कुलपांचा खर्च हजारांत जातो.

आरोग्यविम्यात घाई नको. मोठ्या पगारावर खासगी विम्याचा पर्याय मिळतो आणि तरुण, एकट्या माणसाला तो स्वस्त दिसतो. पण सरकारी योजनेत कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं जादा हप्त्याशिवाय बसतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. शिवाय एकदा खासगीत गेल्यावर परतणं कठीण. लग्न ठरायचं असेल तर सरकारीच बरा.

भारतीय लायसन्स सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्याला तिथे अडीच-तीन हजार युरो लागतात. चालू भारतीय लायसन्स असलं तर प्रशिक्षणाचे सक्तीचे तास टळतात, म्हणून निघण्यापूर्वी त्याची मुदत तपासा. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते.

भाषेवर इथेच खर्च करा. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनाची फी जड वाटते, पण ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, जाणाऱ्याला जर्मन ए-वन पातळीवर २७ महिन्यांत कायम वास्तव्य मागता येतं, बी-वनवर २१ महिन्यांत. ऑफिसात इंग्रजी चालतं. मालकाचं पत्र, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि केअरवोखेवाल्या आजी जर्मनच बोलतात.

शेवटी आई-बाबांची भेट, जी बहुतेकांच्या बजेटात नसते. माणशी ९० युरो व्हिसा शुल्क, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा आणि त्यांचा खर्च तुम्ही उचलणार असाल तर २९ युरो भरून हमीपत्र. त्याच्या अपॉइंटमेंटला काही शहरांत आठवडे लागतात, तेव्हा तिकिटं काढायच्या आधी ती घ्या. आणि त्यांना मे-जूनमध्ये बोलवा. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि बाबा दिवसभर खिडकी लावायला उठतात.