पुरावा दाखवा, प्रोफेसर!

भाची : मामा, 'द लॉस्ट वर्ल्ड' वाचून संपवली. पण डायनोसॉर यायला किती वेळ! आधी लंडनच सुटत नाही.

मामा : अगं, शेरलॉक होम्सच्या लेखकाची कादंबरी ना ती! आर्थर कॉनन डॉयलची. 1912 साली 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली. आधी पुरावा, मग थरार. प्रोफेसर चॅलेंजर सांगतो, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या एका पठारावर प्राचीन प्राणी जिवंत आहेत. हातात काय? मेलेल्या चित्रकाराची वही, खराब झालेला फोटो आणि पंखाचा तुकडा. लोक टर उडवतात, म्हणून तर तिघं शहानिशा करायला निघतात.

भाची : आणि शेवटी लंडनच्या सभेत पेटीतून जिवंत टेरोडॅक्टिल काढतात! तोही खिडकीतून उडून जातो.

मामा : त्याहून भारी पुरावा कुठला?

भाची : पण असं पठार खरंच आहे?

मामा : आहे की. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमेवर रोराइमा नावाचा डोंगर आहे, सुमारे 2,800 मीटर उंच. 1884 मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी एव्हरर्ड इम थर्न त्याच्या माथ्यावर पोचला. वर काळवंडलेला वालुकाश्म, डबकी, कीटक खाणाऱ्या वनस्पती आणि उड्या न मारता चालणारा इवलासा काळा बेडूक.

भाची : म्हणजे कड्यांमुळे जुने जीव टिकतात, हे खरं?

मामा : अर्धंच खरं. कडे जीवांना एकटं पाडतात, पण एकटे पडलेले जीव आहेत तसेच राहत नाहीत. ते त्यांच्या वाटेनं बदलत जातात.

भाची : मला मोहिमेतल्या कृष्णवर्णीय नोकराचं, झांबोचं वर्णन खटकलं. इतका निष्ठावान माणूस, आणि त्याच्या बुद्धीची तुलना घोड्याशी!

मामा : खटकायलाच हवं. त्या तिघांतला लॉर्ड रॉक्स्टन आधी पेरूमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांशी लढलेला. तोच पठारावर वानरमानवांच्या कत्तलीत पुढे असतो आणि उरलेल्या बायकापोरांना गुलाम केलं जातं. कादंबरीला त्यात वावगं काहीच वाटत नाही. प्राण्यांसाठी इतका पुरावा मागणारं पुस्तक माणसांबद्दल मात्र ऐकीव समजांवर निकाल देतं.

भाची : मग धाकट्याला वाचायला देऊ की नको?

मामा : जरूर दे. साहस आजही ताजं आहे. फक्त ती प्रकरणं गाळू नकोस. शेजारी बसून त्याच्याशी बोल.