डिकीतली टाकी

'फ्युएल सेल' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी त्याचा अर्थ चुकीचा लावला, हे आरंभीच कबूल करतो. शब्दकोशात 'इंधन घट' असा प्रतिशब्द सापडला. हायड्रोजनपासून वीज निर्माण करणारे, अपोलो यानांत वापरलेले ते साधन. वडिलांना मी तसेच सांगितले. आबांनी समोरचा अॅल्युमिनियमचा डबा बोटाने वाजवला आणि म्हणाले, "वीज कुठली आलीया यात? ही पेट्रोलची टाकी हाय. कागद नीट वाच."

आमचे गॅरेज इचलकरंजीला आहे. आबा चौथीपर्यंत शिकलेले. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, तोही कला शाखेचा. एका तरुणाने आपल्या जुन्या गाडीचे इंजिन वाढवून घेतले होते. गाडी रोज रस्त्यावर चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत पळवायची, म्हणून त्याला हा डबा डिकीत बसवून हवा होता. त्यासोबतचा इंग्रजी कागद माझ्या हाती आला. तो समजून घेण्यासाठी मी जे वाचले, तेच येथे मांडतो.

या टाकीचा इतिहास आगीचा आहे. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेत सहा दिवसांच्या अंतराने दोन भीषण अपघात झाले. २४ मे रोजी शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स हा चालक भाजला आणि २ जुलैला मरण पावला. ३० मे रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत गाड्या पेटल्या. डेव्ह मॅकडॉनल्ड आणि एडी सॅक्स हे दोघे गेले. त्यानंतरच्या काळात फायरस्टोनसारख्या टायर बनवणाऱ्या कंपन्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी रबरी पिशवीची टाकी पुढे आणली.

तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. बाहेर धातूची पेटी, आत कापडाने बळकट केलेली रबरी पिशवी आणि पिशवीत स्पंजासारखा सच्छिद्र फोम. धडक बसली की पत्रा फाटतो. पिशवी मात्र फुटबॉलच्या ब्लॅडरसारखी आकार बदलते, पण फुटत नाही. फोम दोन-तीन टक्केच जागा खातो. वळणावर पेट्रोल हिंदकळू देत नाही आणि वाफेने पेट घेतलाच तर ज्वाळेची उष्णता शोषून तिला पसरू देत नाही.

वाफेचे हे प्रकरण मी आबांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते. 'रिकामी' म्हणून बाजूला काढून ठेवलेली टाकीच खरी घातक. आबांचे वस्ताद अशाच एका रिकाम्या टाकीला वेल्डिंग करताना गेले. "मी पाना आणायला बाहेर गेलतो," एवढेच आबा म्हणाले. चाळीस वर्षे ते टाकीत आधी पाणी भरतात, मगच डाग देतात. का, ते त्यांना त्या दिवशी आकड्यांत कळले.

आता आमच्यासमोरचा डबा. त्यात फोम होता, पिशवी नव्हतीच! म्हणजे नाव तेवढे फ्युएल सेल. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या एफटी३ प्रमाणाची पिशवी असती, तर तिच्यावर बनावटीची तारीख असती आणि पाच वर्षांनी ती तपासणीला पाठवावी लागली असती. शर्यतीचा माणूस हे करतो; रोज कामावर गाडी नेणारा करील काय? फोमही कालांतराने कुजून चुरा होतो आणि फिल्टर तुंबवतो. काही फोम इथेनॉलने लवकर खराब होतात, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो जागेचा प्रश्न. त्या गाडीची मूळ टाकी मागच्या सीटखाली, चाकांच्या पुढे आहे. डिकी ही मागून धडक बसली की प्रथम चेपणारी जागा. अमेरिकेतील फोर्ड पिंटो गाडीची टाकी मागच्या आसाच्या मागे होती. १९७८ साली कंपनीला सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

बसवायचेच ठरवले तर पेटी पट्ट्यांनी चासीला आवळावी, पत्र्याला नव्हे. डिकी आणि माणसे यांच्यामध्ये अखंड पोलादी पडदा हवा. टाकीला अर्थिंग हवे. वाफेची नळी गाडी उलटली तर बंद होणाऱ्या व्हॉल्व्हसह बाहेर काढलेली हवी. काट्याचा फ्लोट फोममध्ये अडकतो, ते वेगळेच. शिवाय मूळ बनावटीत बदल करण्यास कायद्याचीही आडकाठी आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला आहे.

हे सारे मी मराठीत एका कागदावर लिहून त्या तरुणाला दिले. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "मिस्त्रीमामा, बसवताय का नाही तेवढं सांगा." आबांनी मान हलवली. महिनाअखेर होती आणि त्या कामाचे पैसे माझ्या परीक्षा-शुल्कासाठी धरलेले होते. पण मीही काही बोललो नाही.

तो डबा घेऊन गेला, पुन्हा आला नाही. कुणीतरी बसवून दिलाच असेल. त्याने वाफेची नळी डिकीबाहेर काढली असेल ना, असे आबा मला जेवताना अजून अधूनमधून विचारतात.