गाडीचं काळं प्लास्टिक पांढरं का पडतं, आणि त्यावर काय लावावं?



दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ शिकवताना बहुवारिकं येतात. मुलं पॉलिप्रोपिलीन हे नाव लिहून घेतात, एकवारिक पाठ करतात आणि पुढच्या पाठाला लागतात. त्याऐवजी एक तास त्यांना शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पाच-सहा वर्षं जुन्या गाडीजवळ न्या. बंपरचा खालचा काळा भाग, दारांखालची पट्टी, चाकावरची कमान, पुढच्या काचेखालची वायपरजवळची जाळी, हे बहुतेक सगळं पॉलिप्रोपिलीनचं असतं. त्यात थोडं रबर आणि शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. नवीन असताना काळंभोर, आणि काही वर्षांत राखेसारखं.

मुलांना आधी विचारा, हा मळ आहे का? बहुतेक जण हो म्हणतील. मग साबणाच्या पाण्याने एक वीतभर जागा घासायला सांगा. ओली असेपर्यंत ती जागा छान काळी दिसते. मुलं खूश होतात. दहा मिनिटांनी वाळली की पुन्हा राखाडी! इथेच थांबा, घाई करू नका, कारण या एका प्रयोगात सगळा पाठ आहे. मळ गेला असेल तर रंग परत का गेला?

प्लास्टिकचा पृष्ठभाग उन्हाने फुटलेला असतो. डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, वरचा थर झिजतो आणि आतली शंखजिऱ्याची पूड उघडी पडते. अशा खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून पांढुरकं दिसतं. पाणी भेगांमध्ये शिरलं की काय होतं? हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, पॉलिप्रोपिलीनचा साधारण १.४९. हवेच्या जागी पाणी आलं की फरक कमी होतो, विखुरणं कमी होतं, आणि खालचा काळा रंग दिसतो. ओली वाळू, ओली फरशी, भिजलेली खादी गडद दिसते त्याचं कारणही हेच. अपवर्तनाचा पाठ दहावीलाच आहे, तेव्हा दोन पाठ इथे आपोआप जोडले जातात.

आता भेगा का पडल्या? सूर्याच्या अतिनील किरणांपैकी साधारण २९० ते ४०० नॅनोमीटरचे किरण जमिनीपर्यंत पोचतात. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा एका मोलला जवळपास ४०० किलोज्यूल होते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३५० पुरे. अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित स्वतः करू द्या. शुद्ध पॉलिप्रोपिलीन हे किरण फारसं शोषत नाही, पण तयार करताना राहिलेल्या अशुद्धी शोषतात आणि तिथून सुरुवात होते. साखळीत एक कार्बन सोडून एका कार्बनला मिथिल गट लटकलेला असतो, आणि त्या सांध्यावरचा हायड्रोजन सहज निघून जातो. तिथे हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणजे ऑक्सिडीकरण होतं, आणि लांबच लांब साखळीचे तुकडे पडतात. तुटलेली साखळी घासून, पुसून किंवा पॉलिश करून जोडली जात नाही. दुकानात कोणी ‘प्लास्टिक पुन्हा नवीन करून देतो’ म्हणालं, तर हे वाक्य आठवा.

एक दिलासा आहे. काळा रंग यावा म्हणून घातलेला कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीच, आणि ती अतिनील किरण शोषून घेते. त्यामुळे नुकसान वरच्या अगदी पातळ थरात राहतं, आतलं प्लास्टिक शाबूत असतं. आपल्याकडे शेतातल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याचसाठी. पॉलिथिनमध्ये दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक घातला की नळी उन्हात वर्षानुवर्षं टिकते. शेतकऱ्यांच्या मुलांना हे उदाहरण गाडीपेक्षा लवकर पटतं, हा माझा अनुभव.

आता मुख्य प्रश्न, लावायचं काय. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील भाड्याची गाडी चालवतात. गाडी जुनाट दिसली की लग्नाचं भाडं हातचं जातं, म्हणून ते दर धुलाईला वेगळे पैसे देऊन काळं प्लास्टिक ‘चमकवून’ घ्यायचे. आठ-पंधरा दिवस छान, पाऊस आला की ओघळ. मुलाने वर्गात विचारलं, “सर, मग आपण पैसे कशाला देतो?” प्रश्न रास्त होता.

त्या चमकवण्यात बहुतेक वेळा सिलिकॉनचं तेल असतं. ते पाण्यासारखंच भेगा भरतं, फक्त वाळत नाही. पण कुठेही घट्ट चिकटलेलं नसतं, म्हणून शाम्पू आणि पावसाने निघून जातं, आणि तेवढ्यात त्यावर धूळ बसते. काही ठिकाणी डिझेलचा बोळा फिरवतात, तो तर टाळाच. हीटगनने प्लास्टिक तापवून काळं करणारेही आहेत. वरचा थर क्षणभर वितळून गुळगुळीत होतो खरा, पण संरक्षण काहीच मिळत नाही आणि हात चुकला तर पट्टी वाकडी होते. पॉलिप्रोपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, हीटगन त्याच्या कितीतरी पुढे जाते.

टिकाऊ कोटिंगची गोष्ट वेगळी. बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून मिळणाऱ्या ट्रिम कोटिंगमध्ये सिलिकॉनची संयुगं द्रावकात विरघळवलेली असतात. लावल्यावर द्रावक उडून जातो, संयुगं हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया करतात आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असं जाळं विणलं जातं. तेल तेलच राहतं, इथे मात्र भेगांच्या आत घन थर तयार होतो. तो शाम्पूने निघत नाही, पाणी झटकतो, धूळ कमी धरतो. मात्र थर फारच पातळ असतो, त्यामुळे सगळे अतिनील किरण त्याने अडतील असं समजू नका. गाडी सावलीत लावणं हा उपाय त्याच्याही आधीचा, आणि फुकटचा. बाटलीवरची वर्षंही मोकळ्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला पूर्ण मिळतीलच असं नाही.

कोटिंग टिकतं की नाही हे लावण्याआधीच्या तासाभरावर ठरतं. पॉलिप्रोपिलीनला मुळात काहीच सहज चिकटत नाही. बंपरला रंग देण्याआधी खास प्रायमर लावतात तो यामुळे. त्यावर जुनं सिलिकॉन किंवा मेणाचं पॉलिश राहिलं असेल तर कोटिंग प्लास्टिकवर न बसता त्या तेलावर बसतं, आणि तेलाबरोबर जातं. म्हणून शाम्पू आणि मऊ ब्रशने रेषारेषांतून घासा, तेल काढणाऱ्या क्लीनरने पुन्हा घासा, पूर्ण वाळवा. फटीत अडकलेलं पाणी सगळ्यात दगा देतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. पांढऱ्या फडक्यावर काळं-करडं येणं थांबलं की समजा तयारी झाली.

शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावा. काम सावलीत, पत्रा थंड असताना करा. स्पंजवर चार-पाच थेंब घेऊन हातभर जागा पुसत जा आणि बाटलीवर सांगितलेल्या वेळेत, बहुधा एक-दोन मिनिटांत, उरलेलं मायक्रोफायबरने टिपून घ्या. टिपायचं राहिलं तर तिथे चकचकीत डाग घट्ट बसतो. नंतर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर शाम्पू नको. पावसाळ्यात हवा दमट असते, थर फार लवकर घट्ट होतो आणि पुसायला वेळच मिळत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. द्रावक ज्वलनशील असतो, वासही उग्र. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नका.

मुलांसाठी वेगळं काम आहे. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची सहसा पॉलिप्रोपिलीनचीच असते. एक जुनी खुर्ची घ्या, पाठीवर टेपने तीन पट्टे पाडा. एक कोरा, एकावर चमकवायचं तेल, एकावर कोटिंग (हा पट्टा शिक्षकांनी लावायचा). फेब्रुवारीत ती गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. दर पंधरा दिवसांनी कोरड्या बोटाने प्रत्येक पट्टा घासून बोटाला पूड लागते का ते वहीत लिहायचं, आणि एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो काढायचा. टेप काढून टाकण्याआधी खुर्चीच्या मागच्या बाजूला कुठला पट्टा कशाचा ते खिळ्याने कोरून ठेवा, कारण मार्करची शाई उन्हात टिकत नाही, आणि जूनच्या दोन-चार सरींनंतर तेलाचा पट्टा कुठला होता हे कोणाला सांगता येत नाही.