'लेट' आणि 'प्रिव्हेंट' : दोन इंग्रजी शब्दांचा धडा

आमच्या खेड्यांतील पुष्कळ उपदेशकबंधूंस मराठी शास्त्राबरोबर जुनें इंग्रजी शास्त्रही उघडून पाहण्याची सवय आहे. सवय चांगली आहे. परंतु १६११ सालीं छापलेल्या त्या भाषांतरांत दोन शब्द असे आहेत कीं, ते आजच्या अर्थानें वाचिले असतां वचनाचा अर्थ बिघडतो.

पहिला शब्द 'लेट'. आज ह्याचा अर्थ 'होऊं देणें' असा आहे. परंतु रोमकरांस पत्र १:१३ येथें त्याचा अर्थ अगदीं उलट आहे. पौलाला रोमास जाऊं दिलें असें नव्हे, तर त्याला अडथळा आला. वस्तुतः हीं दोन निराळीं क्रियापदें असून कालांतरानें त्यांचा उच्चार एक झाला. अडविणाऱ्या 'लेट'चें नातें 'उशीर' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशीं आहे. आगगाडी 'लेट' झाली असें आपण म्हणतों, तें ध्यानांत ठेवावें. हा जुना अर्थ अद्यापि मेलेला नाहीं. भारताच्या पासपोर्टांत, धारकास विनाअडथळा जाऊं द्यावें अशी जी इंग्रजी विनंती आहे, तींत तो आढळतो.

दुसरा शब्द 'प्रिव्हेंट'. आज ह्याचा अर्थ 'प्रतिबंध करणें'. परंतु लॅटिन भाषेंतील मूळ अर्थ 'आधीं येणें' असा आहे. जो पुढें जाऊन उभा राहतो, तो मागल्याची वाट अडवितो. असा अर्थ पालटला. स्तोत्र ११९:१४७ येथें भक्त पहाटेला प्रतिबंध करीत नाहीं. तो पहाटेच्या आधीं उठून धावा करितो.

थेस्सलनीकाकरांस पहिलें पत्र ४:१५ येथें तर फारच जपावें. हें वचन आपण मूठमातीच्या वेळीं वाचितों. जिवंत उरलेले निजलेल्यांस 'अडविणार नाहींत' असें कोणीं समजाविलें, तर रडणाऱ्या आईच्या पदरीं काय पडलें? खरा अर्थ असा कीं, जिवंत उरलेले त्यांच्या पुढें जाणार नाहींत. तिचें लेंकरूं मागें राहणार नाहीं. हें सांत्वन एका शब्दाच्या चुकीनें हरवूं नये.

१८८१ सालच्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांत पत्रांतील ह्या दोन्ही ठिकाणीं शब्द बदलले आहेत. आमच्या भाषेंतही असें होतेंच. संस्कृतांत 'शिक्षा' म्हणजे शिकविणें. आम्ही तिला दंड समजतों. म्हणून, बंधूंनो, मराठी व इंग्रजी वचनें जुळत नाहींत असें दिसलें, तर तेथें थांबा, विचारा, आणि मगच मंडळीपुढें उभे राहा.