शेक घ्या, पण खिडकी उघडी ठेवा



थंडी पडली की किन्हीराजाच्या आमच्या वस्तीत दोन गोष्टी हमखास दिसतात. न्हाणीत कढत पाणी आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. शहरातले लोक पैसे मोजून 'सॉना'त आणि 'हॉट टब'मध्ये बसतात, ते याहून फार वेगळे नाही. उष्णतेने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात. तूर सोंगून आलेल्या अंगाला बरे वाटते ते त्यामुळेच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात जंताघराची, म्हणजे शेक घेण्याच्या खोलीची हकिकत आहे. वैशालीत भिक्खू आजारी पडलेले पाहून जीवक वैद्यांनी चंक्रमण व जंताघर या दोन्हींना परवानगी द्यावी, अशी तथागतांना विनंती केली. पुढे अडचणी दिसल्या तसे नियम होत गेले. आगीने तोंड भाजते, तर चेहऱ्याला माती लावावी. अंग पोळते, तर पाणी घ्यावे. धूर कोंडतो, तर धुराडे करावे. आमच्या बाळंतिणीच्या खोलीत मात्र धुराडे सोडाच, वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीतही चिंध्या कोंबलेल्या असतात!

अशाच एका खोलीत आम्हाला रात्री बोलावले होते. बाळंतिणीचे डोके ठणकत होते, मळमळत होते, लेकरू सुस्त पडून दूध ओढत नव्हते. घरचे म्हणत, नजर लागली. आम्ही आधी दोघांना अंगणात आणले, मग गाडी बोलावली. दोघे वाचले. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. निखारे धगधगीत झाले, धूर थांबला, म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. म्हणून बंद खोलीत शेगडी नकोच. सासूबाईंना शेक द्यायचाच असेल तर खिडकी-दार उघडे ठेवून, थोडा वेळ, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, तोंड मोकळे ठेवून. असा प्रसंग आलाच तर आधी मोकळी हवा, लगेच १०८ ला फोन.

आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे; कोपराला सोसवेल तेच घ्यावे. बादलीत आधी गार, मग गरम. फार गरम पाण्यात फार वेळ बसले तर रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अंग तापेल असा शेक टाळावा. दारू पिऊन तर नाहीच.

साखरेच्या आजाराने पायाची जाणीव गेलेल्यांचे पाणी घरातल्या दुसऱ्याने पाहावे. पाय पोळतो, फोड येतो, तरी त्यांना कळत नाही.

आपल्याकडचे लोक कातडीच्या आजारासाठी किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरच्या गरम झऱ्यांवरही जातात. जायला हरकत नाही. पण अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. झऱ्याच्या पाण्याने तो बरा होत नाही, गोळ्यांनी होतो. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. चट्टा आधी आशाताईंना दाखवा, उनकेश्वरला मग जा.